पवळीची रिकामी पाठ

माझा उजवा हात खांद्यापर्यंत घोडीच्या आत होता. गाल तिच्या पुठ्ठ्याला टेकलेला, डोळे मिटलेले, आणि बोटं आतल्या उबेत गर्भाशय चाचपत होती. घोडीच्या मागच्या पायांत आणि माझ्यात बाजरीची दोन पोती रचली होती. लाथ बसलीच तर आधी पोत्याला बसावी म्हणून. सोमा टकले तिचा पुढचा एक पाय उचलून धरून उभा होता. तोंडाशी त्याची भावजय ठकूबाई. त्यांनी घोडीच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ दिला होता आणि त्या तिच्या कानाशी काहीतरी सारखं पुटपुटत होत्या. दवाखान्यातले ड्रेसर तांबोळीचाचा साबणाची वडी आणि बादली घेऊन माझ्यामागे.

चार-पाच मिनिटं गेली असतील. एवढ्या वेळात मी तीन गाई तपासून मोकळी झाले असते. शेवटी बोटांना काहीतरी मऊ, सैल, नळीसारखं लागलं. बोटं अजून चाचपत असतानाच मी हात बाहेर काढायला लागले आणि म्हणाले, "रिकामी आहे. गाभण नाही."

सोमानं घोडीचा पाय खाली सोडला. तो भावजयीला म्हणाला, "बघ. म्या म्हनतच हुतो."

 ठकूबाईंनी ओठाचा पीळ सोडला आणि दुखऱ्या जागेवर अंगठा फिरवत राहिल्या.

ही १९८४ सालच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. ठकूबाईंचं कुटुंब मेंढपाळ धनगरांचं. नवरा जाऊन सात-आठ वर्षं झालेली. मेंढरं मुलगा बिरा आणि दीर सोमा बघायचे, आणि बिऱ्हाड सगळं ठकूबाईंच्या हाती. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, माणसं, कुत्री, कोंबड्या असा सगळा फिरता संसार, घाट उतरून कोकणाच्या अंगाला जायचा आणि वैशाखात परत यायचा. पुरुष मेंढरांमागं रानारानानं, आणि बायका घोडी लादून वाटेनं. पालाचं कापड, काठ्या, पीठ, भांडी, अंथरुणं, वेळेला नुकती जन्मलेली कोकरंसुद्धा, सगळं घोडीच्या पाठीवर. त्यांच्याकडं ओझ्याची दोन जनावरं होती. एक म्हातारा घोडा, अर्धं ओझं नेणारा, आणि ही पवळी. तांबूस अंगाची, बुटकी, रुंद पाठीची. ठकूबाईंना लग्नात आईनं जी घोडी दिली तिच्या पोटची ही नात. त्या वेलातली आता ही एकटीच उरली होती.

आणि ती दोन वर्षं भाकड होती. दोनदा घोडा लावला, दोनदा फुकट गेला. यंदा ज्येष्ठात पुन्हा लावला होता. पण आश्विनात ती माजावर आल्यासारखी वागायला लागली, तेव्हा सोमाचं म्हणणं पडलं, की हीसुद्धा खेप फुकट गेली. घोडी बाजारात नेऊ आणि दुसरी आणू. ठकूबाईंनी आधी डॉक्टरला दाखवायचं ठरवलं. म्हणून मी तिथं होते.

मी त्यांना समजावून सांगितलं. दोन वर्षं घोडी राहत नाही, याचा अर्थ तिच्या पिशवीत दोष असणार. औषधाच्या पाण्यानं पिशवी आतून धुऊन काढली तर पुढच्या खेपेला राहील. सामान बरोबरच होतं. तांबोळीचाचांनी रबरी नळी उकळायला ठेवलीसुद्धा. आणि ओझ्याचं विचाराल तर खुशाल लादा, मी म्हणाले, रिकाम्या घोडीला ओझ्याचं भय नाही.

ठकूबाईंनी नळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आज नगं बाई," त्या म्हणाल्या. "थंडी पडाया लागली. घाटाखाली जायचंय. आल्यावर बगू."

मी जरा चिडलेच. आत्ता केलं तर उपयोग, सहा महिन्यांनी आणखी एक वर्ष वाया गेलेलं असेल, असं ऐकवलं. त्यांनी मान हलवली, कळलं अशी. पण नळी काही घोडीजवळ येऊ दिली नाही. परत येताना मी मोटारसायकलवर तांबोळीचाचांना म्हणाले, की या लोकांना विचारायचं असतं, ऐकायचं नसतं. चाचा वीस वर्षं त्या दवाखान्यात होते. ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं ऐकायला मी अजून शिकले नव्हते.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी तेव्हा सव्वीस वर्षांची. सांगलीतल्या एका शिंप्याची मुलगी, मुंबईत पशुवैद्यकीचं शिकून हिंगणमाळच्या सरकारी दवाखान्यात येऊन सव्वा वर्ष झालेली. त्या भागात जनावरांचा डॉक्टर म्हणून बाई कुणी पाहिलेली नव्हती. पहिले तीन महिने तर लोक दवाखान्यात यायचे, मला बघायचे आणि 'डॉक्टर कवा येतील' म्हणून तांबोळीचाचांना विचारायचे. मग एका अडलेल्या म्हशीनं मला हात दिला आणि गाई-म्हशी येऊ लागल्या. तरीही गावातल्या चाळीस लोकांच्या सह्यांचा एक अर्ज जिल्ह्याला गेला होता, की इथं पुरुष डॉक्टर मिळावा. अर्जात माझ्या कामाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी बाई होते, एवढीच तक्रार. पहिली सही आनंदराव जगदाळ्यांची, गावातल्या मोठ्या बागायतदारांची. वरच्या साहेबांनी मला तो अर्ज दाखवला आणि म्हणाले, की सध्या तो फायलीत ठेवलाय, पण एखादी मोठी चूक झाली तर त्यांनाही काही करता येणार नाही.

त्यामुळं मी चुकत नसे. म्हणजे मी चुकते असं दिसू देत नसे. विचारलं की लगेच उत्तर. गाई मी शेकड्यांनी तपासल्या होत्या, त्यात हात बसला होता. घोड्या मात्र तोवर फक्त चार, त्याही कॉलेजात, शेजारी प्राध्यापक उभे असताना. हे मी हिंगणमाळमध्ये कुणाला सांगितलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर टकल्यांचा वाडा घाटाकडं निघून गेला. पवळी माझ्या डोक्यातून गेली.

वैशाखात एका सकाळी दवाखाना उघडतच होते, तर पायरीवर एक तरुण बाई बसलेली. कडेवर दीडेक वर्षाचं मूल, पायाला धूळ. ठकूबाईंची सून हौसा. दिवाळीला मी तिला लांबून पाहिलं होतं.

"आत्तींनी बोलावलंय," ती म्हणाली. "पवळीच्या सडाला मेन धरलंय. आज व्यायची."

मला आधी कळेचना, ती कुठल्या घोडीबद्दल बोलतेय. घोडी व्यायला एक-दोन दिवस उरले की सडांच्या टोकांवर चिकाचे थेंब मेणासारखे घट्ट होतात, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. मी विचारलं, "कोण पवळी?"

"तुमी दिवाळीला हात घालून बगितली ती."

मी टेबलाशी उभी राहून बोटांवर महिने मोजले. ज्येष्ठ ते वैशाख, अकरा. बरोबर अकरा. म्हणजे मी तपासली तेव्हा घोडीला पाचवा महिना लागलेला होता. पाचव्या महिन्यात घोडीचं गर्भाशय वजनानं पुढं आणि खाली, पोटाच्या खोलात उतरलेलं असतं. लांब हाताच्या, मुरलेल्या माणसालाही तिथं धीरानं पोचावं लागतं. माझा हात आखूड. बोटांना जे सैल, मऊ लागलं आणि ज्याला मी रिकामं गर्भाशय म्हटलं, ते काय होतं, आजही मला नक्की सांगता येणार नाही. आणि मग मला ती उकळायला ठेवलेली रबरी नळी आठवली. त्या दिवशी पिशवी धुतली असती तर चार दिवसांत गर्भ बाहेर पडला असता, माझ्याच हातानं. मी खुर्चीत बसले.

तांबोळीचाचांनी सगळं ओळखलं. ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, की बाई, वाडा आनंदरावांच्या रानात उतरलाय. खतासाठी त्यांनी मेंढरं बसवून घेतलीत. आनंदराव स्वतः तिथं असणार, चार माणसं असणार. तुम्ही म्हणत असाल तर सांगतो, तालुक्याला मीटिंग आहे म्हणून.

मोह झाला. खोटं कशाला सांगू. पण दारात हौसा उभी होती, पाच किलोमीटर मूल कडेवर घेऊन आलेली. मी पेटी भरायला सांगितली. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते: की घोडीत असं होतं, की मोठमोठ्यांकडून होतं. एकही वाक्य धड होईना.

रान ओढ्यापलीकडं होतं. वाघरीच्या जाळ्यात मेंढरं कोंडलेली, दोन पालं, आणि बाभळीच्या सावलीत पवळी उभी. पोट दोन्ही कुशींना उतरलेलं, मान घामेजलेली. ती सारखी वळून आपल्या कुशीकडं बघत होती. चार-पाच माणसं बांधावर बसली होती, त्यांत पांढऱ्या टोपीतले आनंदराव. सोमा घोडीजवळ. मला बघून त्यानं खाली मान घातली. मला वाटलं, आता हा सुरू करणार.

मी काही बोलायच्या आत ठकूबाई पालातून बाहेर आल्या. बांधावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाल्या, "आल्या का बाई? तुमी सांगितलं तसंच केलं बगा. सा म्हैनं पवळीच्या पाठीवर काडी ठिवली न्हाई."

मी घोडीकडं निघाले, हातात पेटी.

आनंदरावांनी बांधावरून विचारलं, "म्हंजे ह्यांनी दिवाळीलाच सांगितलं हुतं, गाभण हाय म्हून? खरं का रं सोमा?"

 सोमानं घोडीच्या मानेवरचा घाम तळहातानं निपटला, हात धोतराला पुसला. मग आनंदरावांकडं न बघताच म्हणाला, "व्हय. म्या पाय धरून उभा हुतो की."

तोंड उघडून खरं सांगायची ती वेळ होती. मी नाही सांगितलं. पाठ वळवून पेटी उघडली आणि हात धुवायला लागले. हे मी इतक्या वर्षांनीही स्वतःला पूर्ण माफ केलेलं नाही. पण त्याच क्षणाला पवळी खाली बसली, आणि पुढचा अर्धा तास विचार करायला कुणालाच सवड मिळाली नाही.

घोडीचं वेत गाईसारखं रेंगाळत नाही. घोड्या बहुतेक माणसांची नजर चुकवून अंधारात वितात, पण पवळीनं उन्हं वर येईपर्यंत धरून ठेवलं होतं, आणि आता कळा एकामागून एक येत होत्या. पाणी फुटलं नाही. त्याऐवजी मागून एक पिशवी दिसू लागली. गर्द तांबडी, मखमलीसारखी.

ठकूबाई माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्या पुटपुटल्या, "पांढरी येती. ही तांबडी का?"

कॉलेजातल्या जाड पुस्तकात याबद्दल सात-आठ ओळी होत्या. मी त्या परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या आणि परीक्षेत तो प्रश्न आलाच नव्हता. शिंगरू बाहेर यायच्या आधीच त्याला पोसणारी वार सुटून पुढं आलीय. वार सुटली म्हणजे शिंगराचा श्वास तुटला. आपोआप फुटायची वाट बघायची नाही. मिनिटं असतात, जास्त नाहीत.

"कात्री," मी म्हणाले. चाचांनी हातात दिली. पिशवी जाड होती, पहिल्या कापाला नुसती दबली. दुसऱ्याला फाटली आणि पाणी माझ्या मांडीवर आलं. आतून पांढरं आवरण, आणि त्यात दोन खूर, एक जरा पुढं, एक मागं. त्यांच्यावर नाक. पांढरं आवरण बोटांनी फाडलं. सोमाला एक पाय धरायला दिला, एक मी धरला, आणि त्याला सांगितलं, की कळ आली की ओढायचं, थांबली की थांबायचं, खाली, घोडीच्या टाचांकडं. त्यानं अगदी तसंच केलं. तिसऱ्या कळेला खांदे निघाले आणि मग सगळं अंग एकदम सुटून आमच्या अंगावर आलं.

ते हललं नाही. जीभ निळसर, मान कापडासारखी. बांधावरून कुणीतरी म्हणालं, की गेलं. मी बरगड्यांना हात लावला. आत काळीज चालू होतं, सावकाश. नाकातला चिकटा काढला. एक नाकपुडी आणि तोंड हातानं दाबून दुसऱ्या नाकपुडीला तोंड लावलं आणि फुंकर घातली. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा. पुन्हा. सोमानं खांद्यावरचं घोंगडं घेऊन ते घासायला सुरुवात केली, दात आवळून, असं की कातडं निघेल. मला किती वेळ गेला ते माहीत नाही. चाचा नंतर म्हणाले, दोन मिनिटं. मला वाटलं, सकाळ गेली.

मग शिंगराला ठसका आला. एक, आणि लगेच दुसरा. त्यानं डोकं उचलायचा प्रयत्न केला, ते माझ्या मनगटावर आपटलं. पवळीनं बसल्या जागी मान वळवली आणि घशातल्या घशात असा बारीक आवाज काढला, की बांधावरची माणसं आपसूक उठून उभी राहिली.

मादी होती. आईसारखीच तांबूस. ठकूबाईंनी तिच्या मागच्या पायांतून बघून खात्री केली आणि मग दोन्ही हात जमिनीला लावून कपाळाला लावले. आनंदराव जवळ येऊन उभे राहिले, शिंगरू बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि 'बरं झालं' एवढं म्हणून आपल्या माणसांबरोबर निघून गेले. पुढं तीन आठवड्यांनी त्यांची गाय दवाखान्यात आली. अर्जाचं पुढं काही झालं नाही.

पवळीची वार अजून पूर्ण पडलेली नव्हती. घोडीच्या पोटात वारेचा तुकडा जरी राहिला तरी विष होतं, म्हणून ती पडल्याशिवाय मी हलणार नव्हते. चाचा आणि सोमा घोडीजवळ थांबले. मी ओढ्यावर जाऊन अंग धुतलं. हौसा कोरडं लुगडं घेऊन मागं आली. मूल वाळूत सोडून ती दगडावर बसली आणि मी न विचारताच बोलायला लागली.

तिच्याकडून मला कळलं, की त्या हिवाळ्यात काय झालं. मी गेल्यावर सोमा म्हणाला, की डॉक्टरीणच लादा म्हणाली, आता लादूच. ठकूबाई म्हणाल्या, न्हाई. दोन दिवस भांडण चाललं. शेवटी म्हाताऱ्या घोड्यावर मावेल तेवढं घातलं आणि उरलेलं माणसांनी वाटून घेतलं. ठकूबाईंच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं. हौसाच्या डोक्यावर अंथरुणं आणि कडेवर हे मूल, तेव्हा जेमतेम वर्षाचं. घाट उतरायला आणि पुढं मुक्कामाला पोचायला एकवीस दिवस लागले, आणि येतानाही तेवढेच. पहिल्या दिवशी सोमा रागानं मेंढरांमागं निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आडवा येऊन वाटेवर उभा राहिला आणि काही न बोलता पालाच्या काठ्या आणि पिठाचं पोतं खांद्यावर घेतलं. मग ते वैशाखापर्यंत त्याच्याच खांद्यावर राहिलं. माघात एका सकाळी पवळी झऱ्याचं गार पाणी प्याली आणि तिच्या कुशीत आतून काहीतरी फिरलेलं सगळ्यांनी पाहिलं. तोवर, हौसा म्हणाली, आत्ती सोडून कुणालाच खरं वाटत नव्हतं. आणि आत्तींनाही वाटत होतं की नाही, देवाला माहीत.

"मान लई दुकायची," ती म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे. नुसतं सांगावं तसं. "आता न्हाई दुकत."

 माझ्या दोन शब्दांचं ओझं त्या घरानं घाट उतरून आणि चढून वाहिलं होतं. आणि त्यांतल्या एकानंही, सोमानंसुद्धा, ते आनंदरावांच्या पायाशी आणून टाकलं नव्हतं. मी हौसाच्या मुलाला उचलून घेतलं. तिच्या कडेला तेवढाच आराम.

परत आले तेव्हा ठकूबाईंनी तीन दगडांवर चहा ठेवला होता. शिंगरू उभं राहायच्या खटपटीत होतं. पुढचे पाय फाकायचे, मागचे गुंतायचे, आणि ते बदकन बसायचं. मी ठकूबाईंजवळ जाऊन बसले. म्हणाले, "ठकूबाई, मी तसं सांगितलं नव्हतं. मी रिकामी म्हणाले होते. लादा म्हणाले होते."

"म्हाईत हाय."

"मग तुम्हाला कसं कळलं, ती गाभण आहे?"

त्यांनी जाळ सारखा केला. "मला कुटलं कळतंय? पोटातलं कुनाला दिसतंय? तुमी हात बाहीर काडला तवा म्या तुमचं त्वांड बगितलं. हात अजून धुंडतच हुता, आन् त्वांड बोलून मोकळं झालं. मग म्या इचार केला. रिकामी धरली आन् चुकलं, तर प्वार जातंय. गाभन धरली आन् चुकलं, तर सा म्हैनं डुईवर वझं. वझ्याचं काय, मुक्कामाला उतरतंय."

 चहा उतू जायला आला होता, त्यांनी भांडं उतरवलं. मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. की आज सगळ्यांसमोर त्या तसं का बोलल्या. मी त्यांची कोण. खरं सांगितलं असतं तर माझी बदली झाली असती, आणि ती योग्यच झाली असती.

ठकूबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. त्या दिवसापर्यंत त्या मला कायम 'तुमी' म्हणायच्या.

"तुला घालवली असती, तर दुसरा कोन तर आला असता," त्या म्हणाल्या. "त्योबी असाच, तुज्यागत नवा. त्याला ह्ये शिकाया आनखी कुनाची तर घोडी लागली असती. तुजं शिकून झालंय, आमच्या पवळीवर. एवडी पायपीट झाली आमची पोरी, ती वाया का घालवू?"

आणि त्यांनी चहाचा पेला माझ्या हातात दिला.

त्यानंतर मी एकतीस वर्षं नोकरी केली. सहा वर्षं हिंगणमाळमध्येच. किती घोड्या तपासल्या त्याची गणती नाही. नंतर नंतर लांबून लोक यायचे, घोडीसाठी त्या बाईंनाच दाखवा म्हणून. नव्या डॉक्टरांचं प्रशिक्षण माझ्याकडं आलं की मी पहिल्या तासाला त्यांना ही माझी चूक सांगायचे, नावागावासकट. ठकूबाईंना ते कळलं तेव्हा त्या माझ्यावर रागावल्या होत्या, एवढं झाकून ठेवलेलं उघडं कशाला केलं म्हणून. पण तोवर त्यांची पवळीची पोर चार वेतांची झाली होती.

त्या सकाळचं मात्र शेवटचं आठवतं ते असं. शिंगरानं पाचव्या खेपेला पाय रोवले, डुलत डुलत आईच्या कासेखाली गेलं, दोनदा चुकून पायालाच चोखलं, आणि मग त्याला सड सापडला. सोमा ते बघत उकिडवा बसला होता. थोड्या वेळानं पवळीची वार पडली. मी ती पडीक जमिनीवर पसरली, गुडघ्यांवर बसून काठ न् काठ बघितला, दोन्ही टोकं तपासली, कुठं तुकडा तुटून राहिलाय का ते पाहिलं. मग उलटून पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

ठकूबाई डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभ्या होत्या. सगळ्यांसमोर त्या पुन्हा 'तुमी'वर आल्या होत्या.

"समदी पडली का बाई?"

"सगळी पडली."

"नीट बगितलं?"

"दोनदा."

"मग जावा आता," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात जनावरं खोळंबली असतील."